अर्न्स्ट राबेल आणि तुलनेची शिस्त

माझी आत्या म्हापशाला दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या यजमानांनी आपल्या नावावरचा जमिनीचा एक तुकडा विकायला काढला. आत्याची सही असल्याखेरीज दस्त होणार नाही, असे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्याच उन्हाळ्यात सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी शेत विकले. त्या दस्तावर आईची सही लागली नाही, आणि तिला विचारावे असे घरात कुणाच्या मनातही आले नाही. दोन घरांमध्ये अंतर फार तर दोन तासांचे, कुळाचार एकच. पण कायदा निराळा.

मी आमच्या सरांना विचारले, "महाराष्ट्रात गोव्यासारखी पतिपत्नींची सामाईक मालमत्ता आहे का?" सर म्हणाले, "नाही, असे एका शब्दात सांगता येईल; पण त्यातून तुझ्या पदरात काय पडेल? आधी राबेल वाच, मग प्रश्न पुन्हा विचार." या लेखाचा जन्म त्या उत्तरातून झाला.

अर्न्स्ट राबेल यांचा जन्म १८७४ साली व्हिएन्ना येथे झाला. रोमन कायद्याचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा पाया. पुढे जर्मनीत अध्यापन करताना त्यांनी १९१६ मध्ये म्युनिकला तौलनिक कायद्याची संस्था काढली. १९२६ साली बर्लिनमध्ये परदेशी व आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक होते. खासगी कायदा म्हणजे करार, मालमत्ता, विवाह, वारसा या व्यक्तिव्यक्तींमधल्या संबंधांचा कायदा.

त्यांच्या आधीही कायद्यांची तुलना होत असे; परंतु ती बहुधा कलमाशेजारी कलम मांडण्याची असे. राबेल यांचे म्हणणे असे की, कायद्यातील संज्ञा त्या त्या देशाच्या मातीत वाढलेल्या असतात. एका देशाची संज्ञा घेऊन दुसऱ्या देशात तिचा शोध करीत हिंडलो तर ती सापडत नाही, आणि आपण 'तेथे हा कायदाच नाही' असा घाईचा निष्कर्ष काढतो. म्हणून सुरुवात संज्ञेपासून न करता जीवनातल्या अडचणीपासून करावी. ती अडचण प्रत्येक समाज कशी सोडवतो ते पाहावे. मग ते उत्तर संहितेत असो, न्यायनिर्णयांत असो वा व्यवहारातल्या प्रथेत असो.

या पद्धतीचे उत्तम फळ म्हणजे मालविक्रीवरील त्यांचा ग्रंथ. त्याचा पहिला खंड १९३६ साली निघाला. विक्रेत्याने माल उशिरा दिला, सदोष दिला किंवा दिलाच नाही, तर काय? जर्मन संहितेत या प्रकारांना निरनिराळे कप्पे होते व प्रत्येकाचे नियम वेगळे. इंग्रजी कायद्यात मात्र 'करारभंग' ही एकच व्यापक कल्पना होती. खरेदीदाराची अडचण मुळात एकच आहे, त्याला कबूल केलेले मिळाले नाही, हे ओळखून राबेल यांनी करारभंगाच्या एकाच कल्पनेभोवती विक्रीचा कायदा उभारावा असे सुचवले. सर्व देशांना चालेल असा एक विक्री कायदा करावा, ही सूचनाही त्यांनी रोममधील संस्थेपुढे ठेवली होती आणि १९२९ साली त्यासाठी अहवाल सादर केला होता.

पण काळ उलटला होता. राबेल यांचे घराणे मूळचे ज्यू. नाझी राजवटीत १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. १९३९ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, ते अमेरिकेला गेले. तेथे परक्या भाषेत त्यांनी कायद्यांच्या संघर्षावरचा मोठा तौलनिक ग्रंथ लिहिला. १९५५ साली झुरिक येथे त्यांचे निधन झाले. मालविक्रीचा दुसरा खंड निघाला तो १९५८ साली, त्यांच्या पश्चात.

यापुढची कथा विद्येवर विश्वास ठेवावा अशी आहे. १९६४ मध्ये हेग येथे विक्रीचा एकरूप कायदा मंजूर झाला. त्या पायावर १९८० साली, राबेल यांच्याच जन्मगावी, व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय मालविक्री करार झाला. तो १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. नव्वदहून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे. भारत त्यांत नाही. आणि २००२ साली जर्मनीने आपल्या संहितेची मोठी सुधारणा केली, तेव्हा कर्तव्यभंगाची एकच व्यापक कल्पना तिच्या मध्यभागी आली. ज्या देशाने माणूस घालवला, त्या देशात त्याचा विचार पासष्ट वर्षांनी परतला. मॅक्स राइनश्टाइन यांनी शिकागोत आणि अर्न्स्ट फॉन केमेरर यांनी फ्रायबुर्गला हीच परंपरा चालवली.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. सर्व समाजांच्या अडचणी सारख्याच असतात हे गृहीत धरले की संस्कृतीचे वेगळेपण निसटते, असे टीकाकार म्हणतात. आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. विक्रीच्या बाबतीत अडचण सारखी असेल. विवाहाच्या बाबतीत तितकी नसेल.

तरीही मी माझा प्रश्न पुन्हा मांडून पाहिला. 'सामाईक मालमत्ता आहे का?' असे न विचारता, 'संसारात राबलेल्या बाईला त्या संसाराच्या मिळकतीत काय संरक्षण आहे?' असे विचारले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पत्नीचा निम्मा वाटा विवाहाबरोबरच सुरू होतो. आमच्याकडे हिंदू स्त्रीला स्त्रीधन आहे, पोटगी आहे, पतीच्या मृत्यूनंतर १९५६ च्या कायद्याने वारसाहक्क आहे. म्हणजे उत्तर 'काहीच नाही' असे नव्हे. पण ही सारी दारे संसार मोडल्यावर किंवा संपल्यावर उघडतात. संसार नीट चालू असताना, पतीने स्वतःच्या नावावरचे शेत विकायला काढले तर, तिच्या हाती लेखणी देणारे दार त्यांत मला आढळले नाही.

हे मी घरी सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. आई म्हणाली, "विचारलं असतंत तर मी सही केलीच असती." मग थोडे थांबून म्हणाली, "पण विचारायला हवं होतं."