‘ग्रेस’ म्हणजे नुसती कृपा नव्हे

आपल्या आदिलाबादेत चर्चच्या मेळाव्यात ‘ग्रेस’ अशी हाक मारून बघा, एखादी तरी मुलगी मागे वळेल. नाव आपल्याकडे इंग्रजीतून आलं, पण मूळ शब्द लॅटिन: ‘ग्रातिया’.

लॅटिनमध्ये ‘ग्रातुस’ म्हणजे हवाहवासा, आणि आभारी सुद्धा. त्यावरून ‘ग्रातिया’. देणाऱ्याची मर्जी ती ग्रातिया, घेणाऱ्यानं मानलेले आभार तेही ग्रातिया, आणि रूपातला, वागण्यातला गोडवाही ग्रातियाच. स्पॅनिश लोक आजही ‘ग्रासियास’ म्हणून आभार मानतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी याच घरातली. आणि आपले लाडके ग्रेस मार्क! भाषाशास्त्रज्ञ तर याचं नातं संस्कृत ‘गृ’ म्हणजे स्तुती करणे या धातूपर्यंत नेतात. ‘गिरा’ म्हणजे वाणी, ती त्याच कुळातली.

मराठी बायबलात यासाठी ‘कृपा’ शब्द आहे, तेलुगूतही तोच. म्हणून ग्रेस म्हणजे कृपा, असं सांगून आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. ‘कृप्’ धातूत शोक आहे, कीव आहे. ‘कृपण’ म्हणजे मुळात दीन, तोही त्यातलाच. ग्रातियात कीव नाही, आनंद आहे. ‘ग्रेस मार्कवर पास झालीस काय गं?’ अशी चेष्टा ज्या मुलींच्या वाट्याला येते, त्यांनी हे उत्तर जवळ ठेवावं.

माझ्या मते जवळचा मराठी शब्द ‘प्रसाद’. त्यात प्रसन्नता आहे, देणगी आहे. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातलं ‘पसाय’ म्हणजे हा प्रसादच. गंमत अशी की मराठीत प्रसाद हे मुलाचं नाव, आणि ग्रेस हे मुलीचं नाव मराठी साहित्यात गाजवलं एका पुरुषानं.

पैनगंगा ओलांडून सरळ उत्तरेला गेलं की नागपूर. तिथले कवी माणिक गोडघाटे (1937–2012). 1958 सालच्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमननं चीनमध्ये गेलेल्या मिशनरी बाईची भूमिका केली होती. त्यावरून त्यांनी ‘ग्रेस’ हे टोपणनाव घेतलं. ‘संध्याकाळच्या कविता’ 1967 साली आल्या. ‘वाऱ्याने हलते रान’ला 2011चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

काव्यशास्त्रातही ‘प्रसाद’ नावाचा गुण आहे: वाचताक्षणी अर्थ उमगणं. आणि ग्रेस यांच्यावर टीकाकारांचा आरोप कायम एकच होता, दुर्बोधतेचा.