लेक रात्री एकपर्यंत टक्क जागी

प्रश्न : ऑगस्टमध्ये लंडनहून अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आहुप्याला सासरी आलो आहोत. ती रात्री एकपर्यंत जागी असते, सकाळी उठता उठत नाही. काय करावं?

उत्तर : तिच्या शरीराचं घड्याळ अजून लंडनचंच आहे. ऑगस्टमध्ये भारत साडेचार तास पुढे असतो. आहुप्यातला रात्रीचा एक म्हणजे तिथले साडेआठ. पोर हट्टी नाही, हे आधी आजी-आजोबांना सांगा.

घड्याळ पुढे सरकतं ते सकाळच्या उजेडानं. मात्र लगेच पहाटे उठवू नका. तेव्हा तिच्या शरीराची मध्यरात्र असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळ उलट मागे ढकलू शकतो. आधी नऊच्या सुमारास उठवा, मग रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे. उठली की रेनकोट घालून भातखाचरांकडे न्या. धुकं-पाऊस असला तरी ढगाळ आभाळाचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

दुपारची झोप तासाभराची, चारच्या आत. उठवल्यावर रडेल, कडेवर घेऊन पडवीत बसा, कोंबड्या दाखवा. रात्री मोबाईल नको. जागी झालीच तर अंधारातच थोपटा, भूक असेल तर थोडं दूध द्या.

झोपेसाठी सर्दीचं औषध किंवा मेलाटोनिन मनानं मुळीच देऊ नका. लहान मुलांना ते धोक्याचं ठरू शकतं. बहुतेक मुलं चार-पाच दिवसांत रुळतात. ताप, जुलाब किंवा कान धरून रडणं दिसलं, तर मात्र वाट न पाहता घोडेगावला किंवा मंचरला डॉक्टरांना दाखवा.