स्ट्रिंगचा धडा घोटून घे

चि. ईरा हिस,


ताईकडून कळलं की कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू झालीय आणि स्ट्रिंगच्या धड्याला तू कंटाळली आहेस. शब्द उलटा करा, स्वर मोजा, दोन शब्द जोडा. पायथॉनमध्ये हे एका ओळीत होतं, मग इथे एवढी यातायात कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तरी माझं ऐकशील तर हाच धडा सगळ्यात जास्त घोट.

सीमध्ये स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी एक शून्य बाइट. लांबी कुठेच लिहून ठेवलेली नसते, म्हणून लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेन फंक्शनला दर वेळी शून्य सापडेपर्यंत चालत जावं लागतं. रोमन लिपीतल्या 'पुणे'ला चार बाइट लागतात, पण जागा पाचांची ठेवावी लागते. तो पाचवा विसरलीस तर प्रोग्रॅम शेजारच्या मेमरीत शिरतो. कधी कोसळतो, कधी कचरा छापतो, आणि कधी काहीच झालं नाही असं दाखवतो. या तिसऱ्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट म्हणजे जागेबाहेर लिहिण्याची हीच चूक होती. फिंगर सेवेच्या प्रोग्रॅमने ५१२ बाइटची जागा ठेवली होती आणि ओळ वाचायला गेट्स हे फंक्शन वापरलं होतं. जागा किती आहे हे गेट्स विचारतच नाही. वर्मने त्याहून लांब ओळ पाठवली आणि यंत्राचा ताबा घेतला. सीच्या अधिकृत मानकातून गेट्स काढून टाकायला २०११ उजाडलं.

म्हणून स्ट्रिंगची हेडर फाइल बाजूला ठेव. लांबी मोजणं, नक्कल करणं, जोडणं, उलटं करणं, ही फंक्शनं स्वतः लिही. आधी कागदावर चौकटी काढ, प्रत्येकीत एक बाइट, शेवटी शून्य. नक्कल करणाऱ्या फंक्शनला जागेचा आकडा दिल्याशिवाय हात लावू नकोस. रिकामी स्ट्रिंग, एकाच अक्षराची स्ट्रिंग आणि जागा काठोकाठ भरणारी स्ट्रिंग, या तिन्ही देऊन बघ. कंपाइल करताना मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेव. चूक जिथे झाली ती ओळ तो दाखवतो.

हे जमलं की मराठीकडे वळ. खरी गंमत तिथे आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही लिपीची चिन्हं बाइटांत मांडायची पद्धत रचली. तिच्यात शून्य बाइट दुसऱ्या कोणत्याही चिन्हात येत नाही, म्हणून सीची जुनी फंक्शनं देवनागरीही बिनबोभाट वाहून नेतात. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि काना, मात्रा, उकार हीसुद्धा वेगळी चिन्हं. आपल्याला 'पुणे'त दोनच अक्षरं दिसतात. चिन्हं चार आहेत, बाइट बारा, आणि शेवटचं शून्य धरून तेरा.

हेच काम नंतर रस्ट या भाषेत कर. तिथे 'पहिलं अक्षर दे' म्हणून थेट शून्य क्रमांक मागितलास तर कंपायलर नकार देतो. बाइट हवा की चिन्ह, हे तुला सांगावं लागतं. लांबी विचारलीस तर बाइटांचीच मिळते, आणि चिन्ह मधोमध तुटेल असा तुकडा मागितलास तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. मजकुराचा मालक कोण आणि नुसता उसना घेऊन वाचणारा कोण, हेही तिथे आधी ठरवावं लागतं. सीमध्ये कागदावर चौकटी काढलेल्या असल्या की हे नियम जाचक वाटत नाहीत, त्यांची कारणं दिसतात.

एक गणित देतो. 'रामाला भाला मारा' हे वाक्य जागा वगळून दोन्हीकडून सारखं वाचता येतं, हे प्रोग्रॅमकडून वदवून घे. बाइट उलटे केलेस तर मजकूरच मोडेल. चिन्हं उलटी केलीस तर काना अक्षराच्या आधी येईल आणि उत्तर 'नाही' मिळेल. व्यंजनाला त्याचा काना-मात्रा चिकटवून, हलन्त आला तर पुढचं व्यंजनही सोबत घेऊन, अक्षरांचे गट तुलाच पाडावे लागतील. रस्टच्या मूळ लायब्ररीत ही सोय नाही, आणि या सरावासाठी बाहेरचं पॅकेज घेऊ नकोस.

मराठी शोधणारी, क्रम लावणारी, शुद्धलेखन तपासणारी साधनं याच कामावर उभी राहतात, आणि ती नीट करणारी माणसं आपल्याला हवी आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी हा प्रोग्रॅम मला पाठव. सीमधलं उलटं करण्याचं फंक्शन मात्र त्याच्याही आधी, याच आठवड्यात.

तुझा,
मामा