राहणं फुकट, मग खर्च कशाचा?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय. माझा एक मित्र म्युनिकला आणि दुसरा आखनला शिकायला गेलाय. ‘दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर ये, राहण्याजेवण्याची काळजी करू नको,’ असं दोघंही म्हणतात. मग व्हिसासाठी मी खात्यात पैसे का दाखवायचे? खर्च कमीत कमी कसा ठेवता येईल? आणि फ्लॉरेन्सची राजाराम महाराजांची छत्री त्याच व्हिसावर पाहता येईल का?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : छत्रीचं उत्तर सोपं आहे : येईल. जर्मनी आणि इटली दोन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत आणि त्या २९ देशांना एकच व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जर्मनीकडे करायचा.

आता पैशांचं. मित्राचं आमंत्रणपत्र जोडाच, पण त्यावरून एवढंच कळतं की तुम्ही झोपणार कुठे. खाणार काय, आजारी पडलात तर बिल कोण भरणार आणि सुट्टी संपल्यावर परतणार की नाही, हे प्रश्न उरतातच. यजमानाने पाहुण्याची कायदेशीर हमी घेण्याची सोय जर्मनीत आहे, पण त्यासाठी त्याची पुरेशी कमाई दाखवावी लागते. तुमचा मित्र स्वतःच विद्यार्थी आहे. तिथे शिकायला जाणाऱ्याला साधारणपणे वर्षाच्या खर्चाचे पैसे बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात. २०२४च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. ज्याचे स्वतःचेच पैसे असे महिन्याच्या हिशेबाने हाती येतात, त्याची हमी सरकार कशी धरणार? म्हणून तुमचं किंवा आईवडिलांचं बँक स्टेटमेंट, त्यांचं आयकर विवरणपत्र, विद्यापीठाचं बोनाफाइड आणि सुट्टी अमुक तारखेला संपते असं विभागाचं पत्र जोडा. शेवटची दोन पत्रं परतण्याची खात्री पटवायला उपयोगी पडतात.

खर्चाचा हिशेब मांडला की एक गोष्ट लगेच दिसते : मोठा खर्च विमानात बसण्याआधीच होऊन जातो. व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची खेप आणि विमानाचं तिकीट. शैक्षणिक दौऱ्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसाची फी माफ असते, मित्रांना भेटायला जाणाऱ्याला नाही. विम्याचा हप्ता थोडा कमीजास्त होईल, बाकीचे आकडे तुम्ही चार दिवस राहा की बारा, तेवढेच राहतात. म्हणजे सहल जितकी छोटी, तितका दिवसाचा खर्च जास्त. मित्राच्या खोलीतला जादा दिवस जवळपास फुकट पडतो, जादा शहर मात्र महागात पडतं. तेव्हा दिवस वाढवा, शहरं कमी करा.

यातूनच माझा पहिला सल्ला : आखनला जाऊ नका, आखनच्या मित्राला म्युनिकला बोलवा. एक शहर बेल्जियमच्या सीमेवर, दुसरं पार आग्नेयेला. वेगवान रेल्वेचं आयत्या वेळचं तिकीट तुम्हाला झेपणार नाही. पण जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत देशभरातल्या साध्या गाड्यांचा पास सत्राच्या फीतच मिळतो. तो पास त्याच्याकडे असेल, तर दिवसभर गाड्या बदलत का होईना, तो तिकिटाशिवाय येईल. दिवाळीत तिकडे हिवाळी सत्र ऐन भरात असतं, त्यामुळे शनिवार-रविवार दोनदा येतील अशा तारखा धरा. वसतिगृहात पाहुणा किती रात्री चालतो, हेही मित्राला आधीच विचारून घ्यायला सांगा.

दुसरं शहर घ्यायचंच तर फ्लॉरेन्स घ्या. म्युनिकहून तिकडे बसने किंवा व्हेरोना-बोलोन्यामार्गे रेल्वेने जाता येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. राजर्षी शाहूंच्या दोन गाद्या आधीचे हे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड पाहून परतत होते. वाटेत, ३० नोव्हेंबरला, अवघ्या विसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहराने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपला न्यू पॅलेस उभारला त्यांचाच. जवळच्या पुलालाही तिथे ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. छत्री कास्चिने या सार्वजनिक बागेच्या पश्चिम टोकाला आहे. तिकीट नाही, रांग नाही. चालायची तयारी मात्र हवी.

मित्रांसाठी कांदा-लसूण चटणी आणि भडंग खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी नको : बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण मुदत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. दिवाळीला जायचं तर गणपतीच्या आधीच अर्ज द्या. अर्जाला विमानाचं नुसतं आरक्षण पुरतं, तिकिटाचे पूर्ण पैसे व्हिसा हातात आल्यावरच भरा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, निदान तिकिटाचे पैसे तरी वाचतील.