एका तळ्यात अनेक जाती : मत्स्यबीजाच्या शुद्धतेचा प्रश्न

शिरूर तालुक्यातील केंदूर-पाबळचा पट्टा पर्जन्यछायेत मोडतो. अशा भागात पाझर तलाव, गावतळी आणि शेततळी यांत साठलेले पाणी जपून वापरावे लागते, आणि त्याच पाण्यात काही महिने मासे वाढविता आले तर तेवढीच उत्पन्नाची जोड मिळते. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. म्हणूनच या तिन्ही जाती एकत्र सोडण्याची शिफारस केली जाते. परंतु हा विषय पंचायतीपुढे आला की एक शंका हटकून निघते. तीन जाती एका पाण्यात ठेवल्या तर त्यांचा संकर होऊन बियाणे बिघडणार नाही काय?

शंका रास्त आहे. मात्र तिचा रोख चुकीच्या जागेकडे आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे वाहत्या पाण्यात वीण करणारे मासे होत. पावसाळ्यात नदीला पूर येऊन पाणी काठाबाहेर पसरले की ते अंडी घालतात. शेततळ्याच्या स्थिर पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार झाली तरी ती सहसा बाहेर पडत नाहीत. शिवाय हे मासे वयात येण्यास साधारणतः दोन वर्षे लागतात आणि आपले पाणी त्याआधीच आटते. तेव्हा केंदूरच्या तळ्यात हे तिघे शेजारी म्हणून नांदतील, त्यांची सोयरीक व्हावयाची नाही.

सर्वच माशांना हा नियम लागू नाही. शहरातील हौशी मंडळी काचेच्या टाकीत कोरिडोरस नावाचे लहानसे मिशाळ मासे पाळतात. ते दक्षिण अमेरिकेतील असून त्यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. टाकीत थोडे थंड पाणी घातले की त्यांना पाऊस आल्याचा भास होतो आणि मादी काचेला, पानांना अंडी चिकटविते. साहजिकच जवळच्या नात्यातील दोन जाती एका टाकीत असल्या तर संकर होऊ शकतो. त्यामुळे जाणकार पाळणारे एका टाकीत एकच जात ठेवतात, किंवा दूरच्या नात्यातील जाती निवडतात. जी जात स्थिर पाण्यात वीण करते तिच्या बाबतीत टाकीच वेगळी हवी.

मग कटला-रोहूंचा संकर होतो कोठे? तो होतो बीजोत्पादन केंद्रात. पूर्वी या माशांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नाना जातींची भेसळ असे. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली. १० जुलै हा दिवस त्याच्या स्मरणार्थ देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधाने बीजाचा तुटवडा दूर होण्याचा मार्ग खुला झाला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच शोधामुळे निसर्गाने घातलेले कुंपणही माणसाच्या हाती आले. टोचणी दिलेले कटला आणि रोहू एकाच कुंडात सोडले, वेळ आणि जागा वाचविली, की एकाचे अंडे आणि दुसऱ्याचे शुक्र यांची गाठ पडते.

असा संकरित मासा कमअस्सल असतो असे नव्हे. कटला-रोहूचा संकर पुष्कळदा रोहूपेक्षा वेगाने वाढतो. खाणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसते. अडचण पुढची आहे. हा मासा वांझ नसतो. तो रोहू समजून प्रजनक म्हणून राखला गेला तर पुढच्या पिढ्यांत दोन्ही जातींचे गुण विस्कटतात आणि कोणत्याच थराचे अन्न पुरतेपणी उचलले जाईल याची खात्री राहत नाही. भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने निरनिराळ्या नद्यांतील रोहू जमवून अनेक वर्षांच्या निवडीतून ‘जयंती’ रोहू सिद्ध केला. असे कष्टाचे वाण एका बेफिकीर हंगामात हातचे जाऊ शकते.

मागूर माशाची गोष्ट याहून गंभीर आहे. आफ्रिकी मागूर हा मूळचा परदेशी, हावरट मासा असून त्याच्या संवर्धनास केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली. थायलंडमध्ये त्याचा तेथील मागुराशी मुद्दाम संकर करण्यात आला आणि त्याचे वाण स्थानिक मागुरांत उतरल्याचे पुढे आढळले. तळे फुटले किंवा ओसंडले तर आपल्याकडील मासाही ओढ्यावाटे भीमेच्या खोऱ्यात पोहोचतो. म्हणून ‘वेगळ्या तळ्यात ठेवतो’ ही सबब येथे चालत नाही. तो आणूच नये.

पंचायतीने बीज विकत घेताना दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. जातवार टोचणी आणि वीण वेगवेगळ्या कुंडांत होते काय? प्रजनक मासे कोठून आणले आणि किती वर्षांनी बदलले जातात? मत्स्यजिऱ्याच्या अवस्थेत डोळ्यांनी जात ओळखता येत नाही, त्यामुळे बोटुकली घेणे सोयीचे. कटल्याचे डोके मोठे, तोंड रुंद व वर वळलेले आणि त्याला मिशा नसतात. रोहूचे ओठ जाड व झालरीसारखे असतात. मृगळाचे अंग सडपातळ, मुस्कट बोथट आणि ओठांना झालर नसते. डोके कटल्याइतके मोठे नाही, पण अंग रोहूपेक्षा फुगीर, असे काही दिसल्यास ते बाजूला काढावे.

तीस मीटर लांब व तितक्याच रुंद शेततळ्यात हेक्टरी पाच हजारांच्या हिशेबाने सुमारे साडेचारशे बोटुकली पुरतात. प्रमाण कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन. उन्हाळ्यात जाळे ओढले जाईल तेव्हा शाळेतील मुलांना काठावर बोलवावे आणि निघालेल्या माशांची जातवार मोजणी त्यांच्याकडून करून घ्यावी. ज्यांची जात ठरत नाही त्यांचा रकाना वहीत वेगळा ठेवावा आणि पुढच्या खरेदीच्या वेळी ती वही बीज देणाऱ्यासमोर उघडावी.