गावनकाशा आणि आगगाडीचा मार्ग
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी)

गारखेडा येथील एका शाळेत पाठ पाहत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, गावाच्या नावात खेडे आहे, मग शेते कोठे आहेत?" शिक्षकांनी शहराचा नवा नकाशा दाखविला. त्यात उत्तर नव्हते. मलाही त्या वेळी ते देता आले नाही. असे उत्तर एका नकाशात सापडत नसते. दोन काळांचे नकाशे शेजारी मांडावे लागतात.

साहित्य : भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारी जुन्या गावनकाशाची नक्कल, भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ एम/५ हा स्थलदर्शक नकाशा, शहराचा आजचा नकाशा, पारदर्शक कागद, रंगीत पेन्सिली.

पाठाचा क्रम : (१) प्रथम प्रत्येक नकाशाची दिशा, प्रमाण व वर्ष वाचून घ्यावे. १ : ५०,००० या प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे मोजून दाखवावे. वर्ष न पाहता नकाशा वाचू नये.

(२) गावनकाशातील गावठाण, ओढे, वाटा व सर्व्हे नंबरांच्या सीमा पारदर्शक कागदावर उतरवाव्यात. आजच्या नकाशाची त्याच प्रमाणाची प्रत करूनच हा कागद तिच्यावर ठेवावा. प्रमाण भिन्न असल्यास रेषा जुळत नाहीत.

(३) आता गावाच्या दक्षिणेकडील लोहमार्ग शोधावा. निजामी राजवटीत मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरमापी मार्ग झाला आणि १९०० साली तेव्हाच्या औरंगाबादेत आगगाडी आली. १९९० नंतरच्या दशकात येथील रूळ रुंदमापी झाले. दोन रुळांमधील अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर झाले. लहान प्रमाणाच्या नकाशात मात्र रेषा तेथेच दिसते. म्हणून विचारावे, "रेषा तीच असली तरी जमिनीवर काय बदलले?"

(४) एखाद्या वृद्ध ग्रामस्थास वर्गात बोलवावे. विहीर, बांध, पाणंद यांच्या जागा त्यांच्याकडून समजून घ्याव्यात. खात्री नसलेली जागा तुटक रेषेने दाखवावी.

सूचना : मुलांना रुळांवर नेऊ नये.

पुढील भेटीत त्या मुलाने घराच्या कागदपत्रावरील सर्व्हे नंबर गावनकाशावर शोधून दाखविला. ज्या शेताविषयी तो विचारीत होता, त्याच शेतात त्याचे घर उभे होते. आपल्या गावी लोहमार्ग नसेल, तर कालवा किंवा जुना गाडीरस्ता घेऊन हाच पाठ द्यावा. पाणंदी सांगणारी माणसे गावात आहेत, तोवरच तो उत्तम साधेल.