शिशूचे पहिले शिक्षण : मोकळा खेळ

मूल शाळेत सहाव्या वर्षी जाते. त्याचे शिक्षण मात्र त्यापूर्वीच घरातील जमिनीवर सुरू झालेले असते. पालथे पडणे, मान उचलणे, सरपटणे, रांगणे हाच तान्ह्या बाळाचा खेळ होय. खुळखुळ्याकडे सरपटणाऱ्या मुलाची मान, पाठ व दंड बळकट होतात. ते अंतर अजमावते, डोळे व हात यांचा मेळ घालते आणि प्रयत्नाने वस्तू हाती येते, हे शिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेल्या शिफारशींनुसार, रांगू न लागलेल्या बाळास जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. झोपवताना मात्र उताणेच ठेवावे. एक वर्षानंतर दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. एका जागी सलग तासाहून अधिक काळ अडकवून ठेवू नये आणि दोन वर्षांपर्यंत मोबाइल वा दूरदर्शनसमोर बसवू नये.

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. डबे, वाट्या, कापडी चेंडू पुरेसे आहेत. आपला जुना पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. आत बसवण्याच्या चाकांच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, उलट अपघात संभवतात. म्हणूनच कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली.

सर्व मुले एकाच महिन्यात चालत नाहीत. भारतासह पाच देशांतील बालकांच्या पाहणीत (२००६) निरोगी मुले साधारणतः ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागल्याचे आढळले. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करू नये; पण दीड वर्षानंतरही मूल चालत नसल्यास आरोग्य केंद्रात अवश्य तपासून घ्यावे.

खरी अडचण वेळेची व जागेची आहे. मजुरीस जाणाऱ्या मातेचे मूल दिवसभर झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. त्यात मातेचा दोष नाही. बहिणीची मात्र शाळा बुडते. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीने सावलीची, स्वच्छ, कुंपण असलेली जागा व पाळणाघराची सोय करावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. अंगणवाडी सेविकेने गृहभेटीत वजनाबरोबरच ‘बाळ जमिनीवर किती वेळ मोकळे असते?’ असेही विचारावे. आहाराइतकाच खेळही बालकाचा हक्क आहे, ही जाणीव त्या प्रश्नातून घराघरांत रुजेल.